चोरीला गेलेलं वावर

नोकरीतली ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे, आणि ती आठवली की मला आधी हसू येतं. पोलिसाच्या आठवणींत हसू येण्यासारखं फार थोडं असतं, म्हणूनच ती सांगावीशी वाटते. त्यातली माणसं आजही तिथंच राहतात, बाजारात एकमेकांना भेटतात. त्यामुळे नावं कुणाचीच देत नाही.

त्या वेळी मी आंबेगाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. महामार्गालगतचं ठाणं. बायपास झाल्यापासून गाव चारी बाजूंनी पसरत चाललं होतं. काल जिथं बटाटा होता तिथं आज सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण दिसायचं. त्याबरोबर आमच्या कामाचीही जात बदलली. पूर्वी विहिरीवरच्या मोटारी चोरीला जायच्या, बांधाच्या भांडणात डोकी फुटायची. आता खरेदीखतं, कुलमुखत्यारपत्रं, बनावट आधार कार्डं असल्या कागदी तक्रारी येऊ लागल्या. आमचे एक जुने हवालदार म्हणायचे, "साहेब, आधी आरोपीच्या मागं पळायचो, आता झेरॉक्सच्या मागं पळतोय."

दसऱ्याला दहा-बारा दिवस राहिले होते. सकाळची हजेरी आटोपून मी देवीच्या मिरवणुकांच्या बंदोबस्ताची यादी बघत बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आवाज चढला.

"मावशी, वावर कसं चोरीला जाईल? मोटार गेली असेल, केबल गेली असेल. नीट आठवून सांगा."

"मोटार जाग्यावर हाय. केबल बी हाय. वावरच गेलंय म्हन्ते ना मी!"

अंमलदार हसला, बाकावर बसलेले दोघे-तिघेही हसले. मी बाहेर आलो. पासष्टीच्या आसपासची एक बाई टेबलासमोर ठाम उभी होती. अंगावर धुऊन धुऊन विटलेलं नऊवारी, आणि हाताची बोटं झेंडूची फुलं तोडून हिरवी-काळी झालेली. मागं तिची सून, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. मी दोघींना आत बोलावलं.

"डेरीवर दूध घालाया गेले," मावशी सांगू लागल्या, "तर कोतवाल म्हनला, मावशे, वावर इकलं आन् पेढं बी न्हाई दिलं? मला वाटलं चेष्टा करतोय. तर म्हनला, चावडीवर नोटीस लागलीया. सुनंला घिऊन गेले. हिनं वाचली. लिहून देनार म्हनून माझंच नाव. आन् सायेब, मी तर लिहायलाच शिकले न्हाई."

सुनेनं नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो कागदावर छापून आणला होता. तो वाचला आणि माझं हसू मावळलं. मावशींच्या नावावरचं सव्वा एकर वावर रीतसर नोंदणी होऊन विकलं गेलं होतं. घेणाऱ्याचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. फेरफाराची नोंद तलाठ्याकडं पडली होती. पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर नोंद मंजूर होऊन सातबाऱ्यावरून त्यांचं नाव जाणार होतं. त्यातला निम्मा काळ उलटलाही होता.

मी पहिलं काम सुनेला सांगितलं, की आजच्या आज मंडल अधिकाऱ्याकडं लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग फिर्याद लिहून घेतली. शेवटी मावशींचा अंगठा घ्यायची वेळ आली. महिला हवालदारानं शाईच्या पॅडवर त्यांचा अंगठा धरला आणि कागदावर टेकवला. उमटला तो नुसता निळा डाग. पुन्हा घेतला, पुन्हा डागच.

मावशी हसल्या. "रेशनच्या मशिनीला बी माझा अंगठा लागत न्हाई. सुनंच्या मोबाइलवर नंबर येतो, तवा गहू मिळत्यात. खुरपून खुरपून पार गुळगुळीत झालाय."

तेव्हा मी त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही.

दुपारी पंचनाम्यासाठी त्यांच्या वावरात गेलो. महामार्गावरून आत वळल्यावर दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्या होत्या. मुरूम टाकलेले रस्ते, फक्कीनं आखलेले चौकोन, आणि मधेच एखादं अर्धवट बांधकाम. त्या सगळ्याच्या मधोमध मावशींचं वावर पिवळं-केशरी फुललेलं. झेंडू ऐन भरात होता. इतका, की आमचा ड्रायव्हर गाडी बंद करायचं विसरून नुसता बघत राहिला.

"आत्ता थोडा थोडा तोडतो, पर समदा दसऱ्याच्या दोन दिस आधी तोडायचा," मावशी बांधावर उभ्या राहून म्हणाल्या. "कवा लावला, कवा खुरपला, समदं त्याच हिशेबानं. एक दिस हिकडं-तिकडं झालं की गेलं."

"आजूबाजूचे सगळे विकून गेले. तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

"लई जनांनी इचारलं. मी म्हन्ले, मी मेल्यावर या."

फसवणुकीच्या अशा गुन्ह्यांत मी एक गोष्ट पाहत आलो आहे. बाहेरच्या चोराला घरातलं कुणीतरी दार उघडून देतं; कधी जाणूनबुजून, कधी नकळत. मावशींचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. त्याला ठाण्यात बोलावलं. तिशी ओलांडलेला, सरळ दिसणारा माणूस. साध्या प्रश्नांची उत्तरं त्यानं भराभर दिली. आधार कार्डाचा विषय काढला तेव्हा मान खाली घातली आणि गप्प झाला. खोटं बोलणारी माणसं अशा वेळी जास्त बोलू लागतात. हा गप्प झाला म्हणजे याला लाज वाटते आहे, एवढं मला कळलं. मी पाणी मागवलं आणि काही न विचारता बसून राहिलो.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "साहेब, वर्स झालं आसंल. एका एजंटला नुसता भाव इचारला व्हता. म्हनला, सातबारा आन् आईच्या आधारची झेरॉक्स दे, बघून सांगतो. मी दिली. त्यानं आकडा सांगितला, तवा मी तसाच उठून आलो. आईचं वावर इकायला निघालो म्हनून माझी मलाच लाज वाटली. परत त्याच्याकडं गेलोच न्हाई."

"झेरॉक्स परत घेतली?"

"न्हाई."

"आईला सांगितलंस?"

त्यानं मान हलवली. आई बाहेर बाकावरच बसली होती. जबाबात हे येणारच होतं, तेव्हा मी त्याला म्हटलं, माझ्या कागदातून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. तो बाहेर गेला. दार उघडंच होतं. आईच्या पायाशी उकिडवा बसून त्यानं सगळं सांगितलं. मावशींनी ते नीट ऐकून घेतलं. लेकानं डोळे पुसले तशा म्हणाल्या, "भाव इचारला म्हंजी इकलं न्हाई. पर मला इचारायचं व्हतं रं आधी." आणि जरा थांबून, "जेवलास का?"

आमच्या अंमलदारानं उगाच डायरीत डोकं घातलं.

आता एजंट कोण ते कळलं होतं. महामार्गावर काचेचं ऑफिस थाटून बसलेला माणूस. कागदावर ज्यानं जमीन घेतली होती तो त्याचा मेहुणा निघाला. पण निबंधक कार्यालयाच्या नोंदवहीत एजंटचं नाव कुठंच नव्हतं. ओळख पटवणारे दोन साक्षीदारही त्या कार्यालयाबाहेर उभी असणारी भाडोत्री माणसं होती. त्यांना विचारलं, तर "आम्ही रोज दहा जणांना ओळखतो साहेब, लक्षात कुठं राहतंय" एवढंच. मावशी म्हणून जी बाई निबंधकासमोर बसली होती, ती सापडल्याशिवाय गुन्हा उभाच राहणार नव्हता.

त्यातच तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला. वावरात जेसीबी आला होता. पीक उपटून मुरूम टाकला, की ताबा आमचाच आहे असं म्हणायला ती मंडळी मोकळी. मी बीट हवालदाराला घेऊन निघालो. रस्त्यात मनात नाही नाही ते येत होतं. पोचलो तर जेसीबी बांधाच्या अलीकडंच बंद करून उभा. चालक खाली उतरून मावशींच्या शेजारी बसला होता आणि दोघं चहा पीत होती.

"मला रिकामं रान हाय म्हनून सांगितलं राव," चालक मला म्हणाला. "मी बोरी बुद्रुकचा. आमच्यात बी शेती हाय. फुलावर आलेल्या पिकात बकेट घालायला माझा हात व्हायचा न्हाई. मी मालकाला फोन करून सांगितलं, दुसरा मानूस बघा."

त्याचा जबाब घेतला. जेसीबी कुणी सांगितला होता, या प्रश्नावर त्यानं एजंटच्या मेहुण्याचं नाव सांगितलं. एक धागा मिळाला, पण बाई अजून दूरच होती.

त्या दिवशी दुपारी दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची प्रमाणित प्रत आली. त्यावर विकणाऱ्या बाईचा फोटो आणि अंगठा होता. मी अंगठ्याकडं बघितलं आणि जागीच थांबलो. रेघ न् रेघ स्पष्ट उमटलेली, पुस्तकात छापल्यासारखी. फिर्यादीवरचा मावशींचा निळा डाग काढून शेजारी ठेवला. तज्ज्ञांचा अहवाल यायचा तेव्हा येईल, पण हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. दोन्ही कागद अंगुलीमुद्रा विभागाकडं पाठवायची तयारी करायला सांगून मी मावशींना बोलावलं आणि तो फोटो दाखवला.

त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि खो-खो हसत सुटल्या.

"ही बाई शेतात कवाच गेली न्हाई सायेब."

"कशावरून?"

"लुगडं बघा की. दुकानातली घडी मोडलेली बी न्हाई, खांद्यावर वळ दिसतीया. नवं कोरं लुगडं नेसून कोन वावर इकाया जातंय? आन् आपल्या हातानं वावर इकनारी बाई फोटोत आशी हसंल व्हय? हिला वाटतंय, लग्नाला आलीया."

वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी फोटो तपासले असतील. चेहरा बघायचो, कान बघायचो, खुणा बघायचो. घडीची वळ मला दिसली नव्हती. नवीन लुगडं म्हणजे ते नुकतंच कुठून तरी घेतलेलं असणार. काठ ठळक होता, मोरपंखी.

बाजारपेठेत कापडाची जुनी पेढी होती. मालक राजस्थानातून तीन-चार पिढ्यांपूर्वी इथं आलेल्या जैन घराण्यातले. बोलायला लागले की इथल्याच मातीतले वाटायचे. त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला.

"साहेब, रोज नेसणाऱ्या बायका कापड चुरगाळून बघतात. फोटोपुरतं नेसणाऱ्या आधी काठ बघतात. हा काठ आमच्याकडं गेल्या महिन्यात आला, आणि रोजच्या बायकांपैकी एकीनंही तो घेतला नाही. लई भडक म्हणाल्या." त्यांनी आत बघून बायकोला हाक मारली. "अहो, ती नेसवून घेणारी बाई आठवते का?"

शेठाणी बाहेर आल्या आणि फोटो बघताच म्हणाल्या, "हीच की! नऊवारी घेतली आणि मला म्हणते, ताई, नेसायची कशी ते तेवढं दाखवा. मी मागच्या खोलीत नेसवून दाखवली. लई गोड बाई. बरोबर एक पांढऱ्या शर्टातला माणूस होता, तो सारखा घाई करत होता. ब्लाउज पाहिजे म्हणाली म्हणून मी समोरच्या टेलरकडं धाडली."

टेलर समोरच. त्यानं मापांची वही काढली, बोट फिरवत मागं गेला आणि एका पानावर थांबला. मापं, त्याखाली 'अर्जंट', त्याखाली एक नाव आणि मोबाइल नंबर.

एवढा सगळा कट रचला, खोटं आधार केलं, खोटे साक्षीदार उभे केले. पण ब्लाउज शिवून तयार झाला की फोन यायला हवा, म्हणून टेलरला मात्र खरा नंबर दिला. मी आणि महिला हवालदार दुकानाबाहेर येऊन इतके हसलो, की टेलर दारात येऊन विचारू लागला, काही चुकलं का म्हणून.

तो नंबर नारायणगावच्या बाजूला एका खानावळीत भाकऱ्या करणाऱ्या बाईचा होता. साध्या वेशात आम्ही जेवणाच्या वेळेनंतर गेलो. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, बोलकी बाई. आम्ही गिऱ्हाईक आहोत असं समजून तिनं आधी पाणी दिलं आणि "पिठलं उरलंय थोडं, देऊ का?" असं विचारलं. महिला हवालदारानं ओळख सांगून फोटो समोर ठेवला. बाईचा चेहरा उतरला, पण तिनं नाकारलं नाही.

"मीच हाय ती. पर मी काय वाईट केलं? ते भाऊ हितं जेवाया येत्यात. म्हनले, माझी आत्या अंथरुनाला खिळलीया, हापिसात आनता येत न्हाई, घरात समद्यांचं एकमत हाय, तुमी नुसतं तिच्या जागी बसा. पुन्याईचं काम हाय म्हनले. त्या खिळलेल्या बाईला तेवढीच मदत, म्हनून गेले." मग तिनं आमच्याकडं पाहून अगदी मनापासून विचारलं, "आता कशी हाय त्यांची आत्या? हिंडती-फिरती झाली का?"

असल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं.

तिला ठाण्यात आणलं. मावशी तिथं होत्याच. मी म्हटलं, "ह्या तुमच्या भाऊंच्या आत्याबाई."

बाई बघतच राहिली. मावशींनीही तिला नखशिखांत न्याहाळलं. "मी कवा अंथरुनाला खिळले गं? आत्ता दूध घालून, पाच पाट्या फुलं तोडून आले मी!"

तेव्हा कुठं बाईला सगळं उमगलं. ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. चूक केली होती हे खरंच. खोट्या नावानं अंगठा दिला होता, आणि कायद्यापुढं तिला त्याचं उत्तर द्यावंच लागणार होतं. पण मावशी तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि अंमलदाराला म्हणाल्या, "हिला च्या सांगा. लई घाबरलीया." तिनं जे घडलं ते सगळं जबाबात सांगितलं. कुठं नेलं, कुणी नेलं, कुणी अंगठा धरला, काहीही मागं ठेवलं नाही. पुढं कोर्टात ती माफीची साक्षीदार झाली.

एजंटला दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला बोलावलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाइल, बरोबर वकिलाचा नंबर तयार. खुर्चीत तो असा बसला, की जणू मीच त्याच्या ऑफिसात प्लॉट बघायला आलोय.

"साहेब, माझा काय संबंध? कागदावर माझं नाव दाखवा."

"नाही तुमचं नाव."

"मेहुण्यानं जमीन घेतली. घेऊ नये का? मी त्या ऑफिसात गेलेलोही नाही, दस्तही पाहिलेला नाही."

आवाज चढवायचा नाही, हे मी ठरवलं होतं. आवाज चढवला की असा माणूस सावध होतो. मी पिकाचं विचारलं, बायपासचं विचारलं, पावसाचं विचारलं. तो सैल झाला. मग मी सहज म्हटलं, "मावशी म्हणतात की त्यांनी अंगठाच दिला नाही. म्हातारं माणूस, विसरल्या असतील."

"विसरल्याच असणार!" तो पुढं झुकला. "साहेब, अंगठा किती स्पष्ट उमटलाय, रेघ न् रेघ दिसते. राजीखुशीनंच दिलाय."

महिला हवालदारानं लिहिता लिहिता मान वर केली.

"तुम्ही दस्त पाहिला नाही म्हणालात," मी म्हटलं. "मग रेघ न् रेघ कुठं पाहिलीत?"

तो काही बोलायच्या आत मी मावशींना आत बोलावलं आणि त्याच्यासमोर त्यांचा अंगठा कागदावर घेतला. निळा डाग. दुसऱ्यांदा घेतला. पुन्हा डाग. "हा अंगठा सरकारी मशीनला लागत नाही," मी म्हटलं. "तुमच्या दस्तावर कसा लागला?"

आणि दारातून ती खानावळीची बाई आत आली. तिला बघून त्याचा चेहरा शर्टासारखाच पांढरा पडला. ती त्याच्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय हो भाऊ, तुमची आत्या तर ठणठणीत हाय की!"

मावशींना हसू आवरेना. हवालदाराला आवरेना. शेवटी मलाही आवरलं नाही. एजंटनं मात्र दोन्ही मोबाइल टेबलावर ठेवले आणि पाणी मागितलं. त्यानंतर त्याला फार काही विचारावं लागलं नाही. आधारची ती झेरॉक्स, तिच्यावर बदललेला फोटो, मेहुण्याचं नाव, जेसीबी, सगळं त्यानं सांगितलं. त्याच दुपारी त्याच्या ऑफिसच्या झडतीत बनावट कार्ड आणि मावशींच्या वावराचा आखलेला नकाशाही सापडला. झेंडूच्या जागी त्यानं पंधरा चौकोन काढले होते आणि प्रत्येकाला नंबर दिला होता. अंगुलीमुद्रा विभागाचा अहवाल पुढं आमच्याच बाजूनं आला.

मंडल अधिकाऱ्यानं हरकत मान्य करून नोंद नामंजूर केली. ते खरेदीखत पुढं दिवाणी न्यायालयानं रद्द ठरवलं. त्याला वेळ लागला, पण झालं. एजंट आणि मेहुणा दोघांनाही शिक्षा झाली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी मुद्दाम त्या बाजूनं गाडी घेतली. वावरात तोडणी चालली होती. मावशी, सून, सुट्टी टाकून आलेला मुलगा, आणि पदर खोचून फुलं तोडणारी चौथी बाई. जवळ गेलो तर ती खानावळीची.

"ही कशी काय इथं?" मी विचारलं.

"माझं नाव लावून एकदा हापिसात बसून आली," मावशी म्हणाल्या. "म्हन्लं, माझं नाव लावायचं तर माझं काम बी कर."

चौघंही हसत होती. टेम्पो बांधावर उभा होता आणि रस्त्यावरून जाणारी माणसं गाडी थांबवून फुलं मागत होती. दसऱ्याला आमच्या ठाण्यात शस्त्रपूजनासाठी मावशी स्वतः फुलांची टोपली घेऊन आल्या. आम्ही अशी भेट घेत नाही, असं मी सांगू लागलो, तर म्हणाल्या, "तुमाला कोन देतंय? बंदुकीला आनलीत." त्या वर्षी आमच्या बंदुकांइतकी सजलेली शस्त्रं जिल्ह्यात कुठं नसतील.

आता मागं वळून पाहताना त्या केसनं मला काय शिकवलं, याचा विचार करतो. वाचकांना एक व्यवहाराची गोष्ट आधी सांगतो: नुसता भाव विचारायला म्हणून कुणाच्या हातात कागद देऊ नका, आणि दिलेच तर परत घ्या. सातबारा वर्षातून दोनदा तरी काढून बघा. आपली जमीन आपल्याला माहीत आहे, असं समजून माणूस तो बघतच नाही, आणि तिथंच फसतो. पण मला स्वतःला जे शिकायला मिळालं ते वेगळं होतं. मी आयुष्यभर कागद वाचत आलो. मावशींनी एका फोटोतलं लुगडं वाचलं आणि माझ्या आठ दिवसांच्या तपासाला दिशा दिली. तपास अधिकारी म्हणून मी लोकांना प्रश्न विचारत होतो. त्यांना काय दिसतं, ते मात्र फार कमी वेळा विचारलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक गुन्ह्यात मी फिर्यादीला शेवटी विचारू लागलो, "तुम्हाला यात काय वेगळं वाटतं?" आणि बऱ्याचदा उत्तर तिथंच मिळालं.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. शस्त्रपूजन झाल्यावर मावशी प्रसाद खात माझ्या खोलीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सायेब, तुमचं गाव कंचं?"

"आणे. पठारावरचं."

"वावर हाय?"

"आहे."

"कोन करतं?"

मी विषय बदलला. कोणीच करत नव्हतं. वडील गेल्यापासून ते पडीक होतं, आणि खरं सांगायचं तर पुण्यात फ्लॅट घ्यायचा म्हणून मीही एका माणसाला सातबाऱ्याची प्रत देऊन ठेवली होती. नुसता भाव विचारायला. त्यांच्या मुलाला मी टेबलापलीकडून प्रश्न विचारले होते, तेव्हा माझी ती प्रत त्या माणसाच्या कपाटात पडलेली होती. पुढच्याच आठवड्यात जाऊन ती प्रत परत आणली.

निवृत्त झालो आणि फ्लॅटऐवजी पठारावर राहायला गेलो. पाणी बेताचंच, पण रब्बीची ज्वारी येते. पहिल्या वर्षी मी स्वतः पेरणीची पाभर धरली, चाळीस वर्षांनी. कणसं हुरड्याला आली तेव्हा मावशींना घरच्यांसकट बोलावलं. त्या आल्या, खानावळीच्या मैत्रिणीलाही घेऊन आल्या. शेकोटीवर कणसं भाजायला माणसं जमली होती, पण मावशी आधी थेट शिवारात शिरल्या. कंबर वाकवून त्यांनी ओळींवरून नजर फिरवली, इकडून तिकडं चालत गेल्या, एक-दोन तण उपटून बांधावर टाकले आणि माझ्याकडं वळल्या.

"सायेब, वळ लई वाकडी पेरलीया."

"पण पेरली तर आहे ना, मावशी."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, आणि मग त्या हसल्या. "हां. त्ये मातर खरं."